जड गोळी आणली तरी ग्रुप मोठाच: .२२३ च्या स्वस्त सरावी काडतुसांची पारख

तक्रार दर हिवाळ्यात नव्याने येते आणि जवळपास शब्दशः तीच असते. अमेरिकेत राहणाऱ्या कुणा मराठी माणसाने एआर-१५ किंवा बोल्टची .२२३ रायफल घेतलेली असते. ५५ ग्रेनची साधी एफएमजे (फुल मेटल जॅकेट, म्हणजे धातूच्या कवचातली) गोळी १०० यार्डांवर अडीच-तीन इंच पसरते. कुणीतरी सांगतं, जड गोळी घे, ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा घोळका, आवळेल. मग ७५ किंवा ७७ ग्रेनचा त्यातल्या त्यात स्वस्त बॉक्स घरी येतो. पहिल्या दिवशी एक सुरेख ग्रुप पडतो, पुढच्या वेळी तोच बॉक्स तीन इंच पसरतो, आणि जानेवारीत तर कागदावरची भोकं लांबट दिसायला लागतात. दुप्पट पैसे जातात आणि दोष नेमका कुठे आहे ते कळतच नाही.

दोष सापडतो, पण त्यासाठी एक समजूत आधी सोडावी लागते. गोळी जड केली म्हणून १०० यार्डांवरचा ग्रुप लहान होत नाही. तो लहान होतो गोळीची घडण चांगली असली तर, आणि ती गोळी तुमच्या बॅरलला मानवली तर. वजनाचा फायदा त्यापुढच्या अंतरावर, वाऱ्यात दिसतो.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण पुढची सगळी तपासणी यावर उभी आहे. ग्रेन हे वजनाचं जुनं माप, ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड. ५५ ग्रेनची गोळी साधारण साडेतीन ग्रॅमची, ७७ ग्रेनची पाच ग्रॅमची. दोघींची जाडी मात्र एकच, .२२४ इंच. मग वाढलेलं वजन जातं कुठे? लांबीत. ५५ ग्रेनची गोळी पाऊण इंचाच्या आत-बाहेर असते, ७७ ग्रेनची जवळजवळ एक इंच लांब असते. लांब गोळी हवेत सरळ ठेवायची तर तिला जास्त जोरात फिरवावं लागतं, आणि ते काम बॅरलच्या आतल्या चरांच्या पिळाचं, म्हणजे ट्विस्टचं.

आता घडण. स्वस्त एफएमजे गोळीचं तांब्याचं जॅकेट टोकाशी बंद आणि बुडाशी उघडं असतं. उलटी धरून पाहिली तर बुडात शिसं दिसतं. गोळी बॅरलच्या तोंडातून सुटताना सगळ्यात शेवटी बाहेर पडतं ते बूड, आणि त्याच क्षणी मागचा वायू त्याच्या कडेने निसटतो. कड एका बाजूला जरा जाड, एका बाजूला जरा पातळ असली की गोळी बाहेर पडतानाच एका अंगाला ढकलली जाते. मॅच गोळीत, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेल्या गोळीत, उलटं असतं. जॅकेट बुडाशी अखंड बंद, आणि टोकाला सुईच्या अग्राएवढं भोक. ते भोक शिकारीच्या गोळीसारखं फुलण्यासाठी नसतं, जॅकेट बुडाकडून टोकाकडे ओढून बंद करण्याच्या पद्धतीतून ते उरतं. म्हणजे ५५ ग्रेनच्या एफएमजेवरून ६९ ग्रेनच्या मॅच गोळीवर गेल्यावर ग्रुप आवळला, तर त्याचं श्रेय त्या एकसारख्या बुडाला द्यायला हवं. जास्तीच्या १४ ग्रेनला नाही.

हे लक्षात आलं की बाजारातल्या एका फसगतीपासून आपण वाचतो. स्टीलच्या केसमधली, ७५ ग्रेनची, अगदी स्वस्त काडतुसंही मिळत आली आहेत. गोळी जड आहे खरी, पण तेवढ्यावर तिच्याकडून मॅच गोळीची अपेक्षा ठेवू नये. शिवाय अनेक रेंजवर गोळीला लोहचुंबक लावून पाहतात आणि चिकटली तर आत सोडत नाहीत.

पहिली तपासणी: दोष काडतुसाचा आहे का?

बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि मग एकामागून एक बॉक्स विकत घेत बसतात. एक कसोटीचं काडतूस कायम हाताशी ठेवा. माझ्या मते त्यासाठी फेडरल गोल्ड मेडल मॅचचं ६९ ग्रेनचं काडतूस उत्तम, त्यात सिएराची मॅचकिंग गोळी असते. ते महाग आहे, पण ते सरावाला नाही, मोजपट्टी म्हणून वापरायचं आहे. दोन बॉक्स घेऊन बाजूला ठेवले की पुष्कळ काळ पुरतात.

ग्रुप फुटला की स्वस्त काडतूस बाजूला ठेवा आणि त्याच बैठकीत कसोटीच्या दहा फैरी झाडा. त्या आवळून आल्या तर दोष काडतुसात किंवा काडतूस-बॅरलच्या जोडीत आहे. त्याही पसरल्या तर नवा बॉक्स घेण्यात अर्थ नाही. आधी दुर्बिणीच्या माउंटचे स्क्रू पाहा, नंतर आपली बैठक पाहा.

एआरमध्ये बैठकीचे दोष ठरलेले असतात. मॅगझीन बेंचला टेकतं आणि प्रत्येक फैरीला वेगळं दाबलं जातं. हँडगार्ड (बॅरलभोवतीचं हाताने धरायचं आवरण) बॅरलला चिकटलेलं असेल, म्हणजे फ्री-फ्लोट नसेल, तर बायपॉडवर, म्हणजे पुढच्या दोन पायांच्या टेकूवर, दिलेला भार थेट बॅरलवर येतो आणि भार बदलला की गोळीची जागा बदलते. बटखाली, म्हणजे खांद्याला लागणाऱ्या मागच्या टोकाखाली, मऊ पिशवी नसते आणि रायफल खांद्यावर नुसती तरंगत असते. पुढची सँडबॅग हँडगार्डखाली, मॅगझीनच्या जरा पुढे घ्या, मागची बटखाली, आणि नेम बारीक सरकवायचा असेल तर मागची पिशवी मुठीत आवळून सरकवा. बॅरल हलकं असेल तर फैरींमध्ये अर्धा-पाऊण मिनिट जाऊ द्या. तापलेलं पातळ बॅरल ग्रुप उभा ताणतं आणि आपण काडतुसाला दोष देतो.

भोकं वाचा

कसोटीचं ६९ ग्रेन चांगलं बसतं आणि ७५-७७ ग्रेन पसरतं, असं निघालं तर कागदाजवळ जा. सरळ आलेली गोळी गोल भोक पाडते आणि भोवती काजळीचं करडं, सगळीकडे सारख्या रुंदीचं कडं सोडते. कडं एका बाजूला जाड आणि भोक किंचित लांबट असेल, तर गोळी डोलत आली आहे. भोक चावीच्या भोकासारखं लांब, जणू गोळी आडवी शिरली आहे असं दिसलं, तर ती हवेत कोलांट्या खाते आहे. असं एक जरी भोक दिसलं तरी त्या बॅरलमध्ये ते काडतूस तिथल्या तिथे बंद करा. बॅरलवर सप्रेसर (आवाज दाबणारी नळी) लावलेला असेल तर हे जास्तच गंभीर आहे, कारण डोलणारी गोळी आतल्या पडद्यांना धडकते. सप्रेसर फुटतो आणि तुकडे कुठेही जातात.

कारण बहुधा ट्विस्ट. १:९ म्हणजे नऊ इंचांत एक पूर्ण फेरी, १:७ म्हणजे सात इंचांत. आकडा लहान तितका पीळ जास्त. एआरच्या बॅरलवर तो सहसा कोरलेला असतो, बॅरलच्या तोंडामागे किंवा हँडगार्डखाली. बोल्टच्या रायफलींवर बरेचदा नसतो, आणि तिथेच लोक अडकतात. रेमिंग्टन ७०० च्या अनेक जुन्या .२२३ रायफली १:१२ च्या आहेत, कारण त्या शेतातले छोटे प्राणी टिपण्यासाठी, ५५ ग्रेनच्या आतल्या गोळ्यांसाठी बनल्या होत्या.

आकडा सापडत नसेल तर मोजा. आधी रायफल रिकामी आहे याची खात्री करा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) बोटाने चाचपून पाहा. मूठ बेअरिंगवर फिरणारी असेल असा क्लीनिंग रॉड घ्या आणि त्याला घट्ट बसणारं फडकं लावा. रॉड बॅरलमध्ये थोडा आत गेला की मुठीजवळ मास्किंग टेपचा छोटा झेंडा चिकटवा, झेंडा वर येईल असा. बॅरलच्या किंवा मार्गदर्शक नळीच्या कडेशी रॉडवर पेनाने खूण करा. आता हळू ढकलत राहा. फडकं चरांमध्ये अडकून रॉड फिरतो आणि झेंडा त्याबरोबर फिरतो. झेंडा एक फेरी पुरी करून पुन्हा वर आला की त्याच कडेशी दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमचा ट्विस्ट. फडकं सैल असेल तर ते चरांवरून घसरतं आणि आकडा खोटा येतो, म्हणून दोन-तीनदा मोजून सारखा येतो का ते पाहा.

आता गणित. गोळी किती स्थिर आहे हे काढायला मिलरचं सूत्र वापरतात, आणि ते उत्तर एका आकड्यात देतं. एकच्या खाली गोळी कोलांट्या खाते, दीडच्या वर ती निवांत असते, मधल्या पट्ट्यात कधी जमतं कधी नाही. समुद्रसपाटीवर, १५ अंश सेल्सियसला, सिएराच्या ७७ ग्रेन मॅचकिंगचं उत्तर १:९ बॅरलमध्ये १.४ च्या जरा खाली येतं, १:८ मध्ये १.७ च्या वर, १:७ मध्ये २.३ च्या जवळ. सिएरा या गोळीसाठी १:७ ते १:८ सांगते, ते यामुळेच. ६९ ग्रेन मॅचकिंग मात्र १:९ मध्येही १.६ च्या वर असते. १:१२ मध्ये ती एकच्या खाली जाते, मग ७७ चं नावही काढायला नको.

हिवाळ्यातल्या तक्रारींचं उत्तरही इथेच मिळतं. थंड हवा दाट असते. तापमान शून्याखाली १८ सेल्सियसवर गेलं की हाच आकडा साधारण ११ टक्क्यांनी उतरतो, म्हणजे १:९ मधली ७७ ग्रेनची गोळी १.२ वर येते. उलट डेन्व्हरच्या उंचीवर हवा विरळ, तिथे तीच जोडी दीडच्या वर जाते. कोलोरॅडोतला मित्र म्हणतो माझ्या १:९ मध्ये ७७ छान चालते, मिनेसोटातला म्हणतो अजिबात चालत नाही, आणि दोघेही खरं बोलत असतात. अमेरिकी सैन्यानेही हे अनुभवलं आहे. सुरुवातीच्या एआर-१५ चा ट्विस्ट १:१४ होता, कडाक्याच्या थंडीत ५५ ग्रेनची गोळी डोलू लागली म्हणून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो १:१२ केला. पुढे एम१६ए२ मध्ये १:७ आला, तो ६२ ग्रेनच्या गोळीपेक्षाही लांब असलेल्या ट्रेसर (जाताना उजेडाची रेघ सोडणाऱ्या) गोळीसाठी.

तेव्हा १:९ बॅरल असेल तर ६८-६९ ग्रेनवर थांबा. एवढ्याने निम्म्याहून जास्त लोकांचा प्रश्न सुटेल असं मला वाटतं. ७५ ग्रेनच्या काही गोळ्या १:९ मध्ये चालतात, पण सरावासाठी काठावरची जोडी कशाला? १:८ किंवा १:७ असेल तर वजनाची चिंता सोडा.

जाता जाता एक सुरक्षेची गोष्ट. बॉक्सवर ५.५६ (.२२३ चंच सैनिकी भावंड) लिहिलं असेल आणि बॅरलवर फक्त .२२३ रेमिंग्टन, तर ते काडतूस झाडू नये. गोळी चरांना आधी भिडते आणि दाब वाढतो. .२२३ वाइल्ड (दोन्हींसाठी आखलेलं) आणि ५.५६ चेंबरमध्ये दोन्ही चालतात.

तीन फैरींचा ग्रुप काही सांगत नाही

दोन स्वस्त काडतुसांची तुलना लोक तीन-तीन फैरींवर करतात. एकाचा पाऊण इंच आला, दुसऱ्याचा दीड, की निकाल लागला. तसं नसतं. एकाच रायफलचे, एकाच काडतुसाचे तीन फैरींचे ग्रुप नशिबाने दुपटीने कमी-जास्त येतात. सांख्यिकी सांगते की तीन फैरींचा ग्रुप सरासरी १ इंच असेल तर त्याच जोडीचा दहा फैरींचा ग्रुप सरासरी १.६ इंचांच्या आसपास येणार. रायफल बिघडत नाही, तिची खरी रुंदी दिसू लागते. म्हणून कुणी ‘माझी रायफल अर्ध्या इंचाची आहे’ म्हणालं की किती फैरी ते आधी विचारावं.

प्रत्येक काडतुसाच्या दहा-दहा फैरींचे निदान दोन ग्रुप घ्या, वेगवेगळ्या दिवशी. बॅरल एका काडतुसावरून दुसऱ्यावर नेताना पहिल्या पाच-सात फैरी मोजू नका, आतला थर नव्या काडतुसाला सरावू द्या. झीरो, म्हणजे दुर्बिणीचा बसवलेला नेम, हलवू नका. ५५ ग्रेनवर झीरो केलेल्या रायफलमधून ७७ ग्रेनची गोळी बहुधा खाली बसते आणि कधी बाजूलाही जाते. ग्रुप मध्यापासून सरकला म्हणजे वाईट झाला असं नव्हे. तो किती पसरला एवढंच बघा.

आणि उडालेली फैर वगळू नका. ट्रिगर दाबताना ती चुकल्याचं गोळी कागदावर पोहोचायच्या आधीच तोंडून निघालं असेल तर गोष्ट वेगळी. कागद पाहून ‘ही माझी नव्हे’ म्हणणं म्हणजे काडतुसाचा दोष स्वतःच्या हाताने पुसणं. स्वस्त काडतुसांचं दुखणं बरेचदा असंच असतं, आठ गोळ्या इंचभरात आणि दोन बाहेर. त्या दोनच त्या काडतुसाची खरी ओळख.

आता वेग आणि वारा

१०० यार्डांवर दोन काडतुसं बरोबरीची दिसली तरी ३०० वर ती वेगळी निघू शकतात. कारण वेगातला फरक. एका बॉक्समधल्या दोन फैरींच्या वेगात सेकंदाला ५० फुटांचा फरक असेल तर १०० यार्डांवर तो उभ्या रेषेत जेमतेम दशांश इंच दिसतो. ३०० वर साधारण एक इंच, ६०० वर पाच-सहा इंच. ६०० यार्डांच्या एमआर-१ टार्गेटचं सगळ्यात आतलं एक्स वर्तुळच सहा इंचांचं आहे. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) असेल तर दहा फैरींचा वेग लिहून ठेवा. नसेल तर ३०० यार्डांवर शांत हवेत दहा झाडा. ग्रुप आडवा कमी आणि उभा जास्त आला, आणि बैठक नीट होती, तर तो काडतुसात भरलेल्या स्फोटक दारूच्या मापातला फरक समजावा.

जड गोळीची खरी कमाई इथे दिसते. ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात ३०० यार्डांवर ५५ ग्रेनची एफएमजे साधारण एक फूट सरकते, ७७ ग्रेनची मॅच गोळी त्याच्या दोन तृतीयांश. ओहायोच्या कॅम्प पेरीत १९०७ पासून राष्ट्रीय स्पर्धा होतात. तिथे सर्व्हिस रायफलवाले (सैनिकी नमुन्याच्या रायफलींचे स्पर्धक) २०० आणि ३०० यार्डांच्या जलद फैरींना मॅगझीनमधून ७७ ग्रेन वापरतात आणि ६०० ला ८० ग्रेनच्या गोळ्या एकेक हाताने भरतात, कारण त्या लांब बसवल्या की मॅगझीनच्या २.२६ इंचांत मावत नाहीत. दुकानात ८० ग्रेन स्वस्त दिसलं म्हणून एआरसाठी उचलण्याआधी ही लांबी पाहा.

तुमचा सगळा सराव १०० यार्डांवर असेल तर ७७ ग्रेन घेण्याची गरज नाही, हे मनापासून सांगतो. उभ्याने मारण्याच्या सरावाला तर ५५ ग्रेन पुरते. तिथे हाताचा डोल गोळीच्या दोषाच्या कितीतरी पट असतो.

घ्यायचं काय

परवडणाऱ्यांत मी आधी दोन गोष्टी तपासायला सांगेन. एक, सर्बियातल्या प्रवी पार्टिझानची, म्हणजे पीपीयूची, ६९ आणि ७५ ग्रेनची मॅच काडतुसं. दुसरी, फ्रंटियरची ६८ ग्रेन, त्यात हॉर्नडीची मॅच गोळी असते. १:९ वाल्यांनी ६८-६९ पाहावं. १:८ आणि १:७ वाल्यांनी त्यांच्याबरोबर पीएमसी एक्स-टॅक मॅच आणि आयएमआय रेझर कोअर ही ७७ ग्रेनची दोन ताडून पाहावीत, ती किमतीने मधल्या पायरीवर असतात. यातलं सर्वोत्तम कोणतं, हे मी सांगून उपयोग नाही. बॅरलगणिक उत्तर बदलतं, शेजारी ठेवलेल्या दोन सारख्या रायफलींतही.

किंमत एका गोळीवर मोजू नका, उपयोगी फैरीवर मोजा. मॅच काडतूस ५५ ग्रेनच्या दुप्पट-तिप्पट पडतं. पण १०० यार्डांवर तीन इंच पसरणाऱ्या गोळीने चूक तुमची की गोळीची हे कळत नाही, आणि तशा सरावातून नेम सुधारत नाही. मी महिन्याच्या खर्चाची विभागणी अशी करायला सांगतो: उभ्याने आणि जलद फैरींसाठी ५५ ग्रेन भरपूर, झोपून आणि ३०० यार्डांसाठी जड मॅच थोडं, पण तेवढं नेहमी एकाच लॉटचं.

लॉट, म्हणजे कारखान्यातली एक खेप, ही शेवटची आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. बॉक्सच्या झाकणावर किंवा आत छापलेला तो लांबलचक आकडा. लॉट बदलला की दारू आणि गोळीची खेप बदललेली असू शकते, आणि ‘गेल्या वेळी चांगलं होतं, आता बिघडलं’ या तक्रारीत पुष्कळदा हेच निघतं. बालेवाडीत .२२ प्रोन (झोपून नेमबाजी) मारलेल्या कुणालाही हे समजावावं लागत नाही. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, त्या खेळात नेमबाज एली, लापुआ, आरडब्ल्यूएस या काडतूस कंपन्यांचे लॉट आपल्या बॅरलमधून तपासून मगच घेतात. .२२३ च्या सरावी काडतुसांना तेवढा काटेकोरपणा नको, पण पद्धत तीच ठेवा. आधी दोन-तीन बॉक्स आणा, दहा-दहाचे ग्रुप घ्या, पसंत पडलं तर त्याच आठवड्यात त्याच लॉटची पूर्ण पेटी घ्या. ऑनलाइन मागवताना दुकानदाराला सगळे बॉक्स एका लॉटचे द्यायला सांगता येतं, बरेच जण देतात.

टार्गेटच्या कोपऱ्यात लॉट नंबर, तापमान, अंतर आणि फैरींची संख्या पेनाने लिहा आणि फोटो काढून ठेवा. पेटी संपत आली की शेवटचे वीस राउंड झाडू नका. नवी पेटी आली की जुने दहा आणि नवे दहा एकाच सकाळी, एकाच बैठकीत, शेजारशेजारच्या दोन टार्गेटांवर झाडा. उरलेले दहा पुढच्या शंकेसाठी राहू द्या.